अनसामायची नाळी

दुष्ट माणसाच्या हातून पुण्य घडतं का, असं कुणी विचारलं तर मी हो म्हणेन. वर हेही सांगेन, की ते घडताना बघायला उभं राहू नये. मी तीस वर्षं नर्सबाई म्हणून बुलढाणा जिल्ह्यात काढली. त्यातली पहिली सात ज्या गावात गेली त्याचं नाव सांगत नाही, कारण शांता अजून तिथंच राहते. बुलढाण्याहून देऊळघाटकडे जाताना लागतं, एवढं पुरे. महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष-दोन वर्षं झाली होती. गावात दोन खोल्यांचा दवाखाना होता, आठवड्यातून दोनदा सायकलवरून येणारे डॉक्टर होते, रोज तिथं बसणारी मी होते, आणि दवाखान्याच्या मागच्या गल्लीत अनसामाय होती.

तिचं नाव अनसूया. वय पंचावन्नच्या आसपास, उंच, हाडकुळी, कपाळ उघडं. नवरा केव्हाच वारलेला, एकुलता एक मुलगा नामदेव, घरची शेती, परसात स्वतःची विहीर. सगळं गाव तिला माय म्हणायचं आणि सगळं गाव तिला टरकून असायचं. ती कधी ओरडायची नाही. भांडखोर बायका मी पुष्कळ पाहिल्या. त्यांचं बरं असतं, सकाळी भांडतात आणि दुपारी विरजण मागायला येतात. अनसामाय सावकाश बोलायची, तांदूळ निवडावेत तसे शब्द निवडून, आणि त्यातला खडा तेवढा समोरच्याच्या दाताखाली जाईल अशा बेतानं ठेवायची. तिनं चारचौघांत केलेला पाणउतारा माणसं दहा-दहा वर्षांनी तारीखवार सांगत.

एवढा रुबाब तिला कशानं आला, तर एका भाजीनं. तिच्या परसात नाळीचा वाफा होता. नाळी म्हणजे पाण्यातली भाजी, पोकळ देठाचा वेल, लांबट टोकदार पान, जांभळट पांढरं फूल. जिथं तळी आहेत तिथं ती आपोआप माजते, कुणी तिच्याकडे बघतही नाही. पण आमच्या त्या मुलखात चैत्रात विहिरीला दोर पुरत नसे, तिथं बारा महिने नाळी हिरवी ठेवणं ही चेष्टा नव्हती. पूर्णेकाठच्या माहेराहून तिनं लग्नानंतर एक वेल ओल्या फडक्यात गुंडाळून आणला होता. नहाणीचं पाणी जिथं बाहेर पडतं तिथं दगड रचून लांबट वाफा केला, तळाला चिकणमाती चोपली, वर लेंडीखत घातलं. अंघोळीचं, भांड्यांचं, डाळ धुतल्याचं, सगळं पाणी त्यात जायचं. थंडीत नाळी आखडते म्हणून वर तुराट्यांची ताटी, उन्हाळ्यात पऱ्हाट्यांचा मांडव. साबणाला घरात बंदी, कारण साबणाचं पाणी नाळीला मानवत नाही. अंघोळीला कुणी केव्हा जायचं तेही नाळीच्या तहानेवर ठरायचं. नामदेव भर उन्हात शेतातून घामेजून यायचा, तर ती म्हणायची, सकाळचं पाणी अजून जिरलं नाही, थांब. तो थांबायचा. असा तो मुलगा होता.

जुन्या बायका मानतात की बाळंतिणीला दूध उतरत नसेल तर नाळीची भाजी द्यावी. मला नर्सिंगच्या शिक्षणात हे कुणी शिकवलं नव्हतं, पण त्या गावात मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. सुकून काटकी झालेल्या बाळंतिणी अनसामायच्या नाळीवर आठवड्यात भरून यायच्या. ज्यांची आशा मी सोडली होती अशी लेकरं बाळसं धरायची. गावातली कितीतरी पोरं तिच्या नाळीवर जगली आणि ते कुणी नाकारत नसे.

भाजी फुकट होती. त्याबद्दल अनसामायनं कधी कुणाची सुपारीसुद्धा घेतली नाही. पण रीत होती. बाळंतिणीच्या सासूनं स्वतः यायचं. मुलाला नाहीतर लेकीला पाठवलं तर दार उघडायचं नाही. सासूनं ओसरीच्या पायरीखाली उभं राहायचं आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचं, "माह्या सुनेले दूध नाई." मग अनसामाय वर बसून विचारायची. काल सुनेला काय खाऊ घातलं? भाकर किती? तूप चमच्यानं वाढलं का पळीनं? गूळ घरात आहे का लेकीच्या घरी गेला? गल्लीतल्या बायका जात्याचा खुंटा धरून ऐकत बसायच्या. सासू खाली मान घालून पुटपुटली की अनसामाय म्हणायची, "आयकू नाई आलं."

आणि एवढं करून भाजी ती ताजी द्यायचीच नाही. नाळीच्या देठाला उसासारखी पेरं असतात, आणि कुठलंही एक पेर ओल्या मातीत पडलं की त्याला मुळं फुटतात. म्हणून ती शेंडे खुडून उकळत्या पाण्यातून काढायची, पिळून मुठीएवढा गोळा करायची आणि तो गोळा सासूच्या हातावर ठेवायची. एका दिवसाला एक. लसणाची फोडणी, तुरीची डाळ घालून घोटायची आणि भाकरीत कुस्करून सुनेला द्यायची, हेही तीच सांगणार. दुसऱ्या दिवशी पुन्हा पायरी, पुन्हा तेच वाक्य, पुन्हा तीच उलटतपासणी. असे सात दिवस. "भाजी मांगा, बेणं मांगू नका," असं ती म्हणायची. आठव्या दिवशी सून हसतखेळत असायची आणि सासू महिनाभर पाणवठ्याला तोंड दाखवायची नाही.

मी तेव्हा तरुण होते आणि शहाणी होते, निदान मला तसं वाटायचं. पहिल्याच वर्षी तिला सांगायला गेले, की माय, चार घरी चार वेल लावायला दिलेत तर कुणाला पायरीवर उभं राहायला नको. ती वाफ्यातलं पिवळं पान काढत होती. तिथं पाच बायका होत्या. तिनं मला विचारलं, तुला लेकरं किती. मी म्हटलं, नाही. नवरा कुठे असतो? खरं म्हणजे ते तिला माहीत होतं, सगळ्या गावाला माहीत होतं. मूल होत नाही म्हणून चार वर्षांनी त्यानं मला मेहकरला माहेरी आणून सोडलं आणि दुसरं लग्न केलं. म्हणून तर मी नर्स झाले. तिनं ते सगळं माझ्या तोंडून वदवून घेतलं. मग म्हणाली, "ज्या बाईच्या अंगावर कधी लेकरू पेलं नाई, तिनं मले दुधाचं सांगू नये." त्या दिवसापासून ती मला तू म्हणायला लागली. मी घरी येऊन रडले. पुढे जे घडलं त्यात या रडण्याचा वाटा किती, ते माझं मलाही नक्की सांगता येत नाही.

बेण्याच्या बाबतीत ती किती कडवी होती ते गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या कौसाबाईला विचारावं. कौसाबाईच्या सासूनं सात दिवस पायरीवर काढले होते, आणि त्या धसक्यानं म्हातारी नंतर घराबाहेरच पडेना. कौसाबाईला ते लागलं. संक्रांतीला तिळगूळ द्यायला अनसामायच्या घरी गेली, हात धुण्याच्या निमित्तानं परसात गेली आणि दोन पेरांचा एक तुकडा अंबाड्यात खोचून घेऊन आली. फुटक्या माठात लावला. नाळीच ती, दोन महिन्यांत माठाबाहेर लोंबायला लागली. अनसामायला हे आठव्या दिवशीच कळलं होतं म्हणे, पण ती बोलली नाही. तिनं वेल चांगला भरू दिला. मग एका दुपारी कौसाबाईच्या दारात येऊन म्हणाली, आज तुझ्या घरी जेवायला आले, दारातली नाळी कर.

कौसाबाईनं केली. मी तेव्हा तिच्या धाकट्याला टोचायला गेले होते, म्हणून हे सगळं माझ्यासमोर झालं. अनसामाय मांडी घालून दोन भाकरी जेवली. भाजी पुन्हा मागून घेतली. चव माझ्या हातापेक्षा बरी आहे, म्हणाली, आणि हे ती मनापासून म्हणाली. मग तिनं हात धुवायला कढत पाणी मागितलं. कौसाबाईला वाटलं, वाचलो. अनसामायनं चुलीवरचं आधण फडक्यानं धरून उचललं, दारात नेलं आणि संथपणे माठात ओतलं, मुळाशी, सगळीकडून. पानं काळी पडेपर्यंत तिथंच उभी राहिली. मग मला म्हणाली, चल नर्सबाई, आपण जाऊ. आणि मी तिच्याबरोबर निघाले, हेही सांगायला हवं.

शांता तिची सून होऊन आली ती माझ्या चौथ्या वर्षी. सोनाळ्याची, सातपुड्याच्या पायथ्याकडची. गोल चेहऱ्याची, हसरी, जरा बोलघेवडी मुलगी. लग्नात तिच्या मावशीनं तिला वासाच्या साबणाच्या दोन वड्या दिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नहाणीतून वास आल्याबरोबर अनसामायनं ओली वडी तिच्या हातातून काढून घेतली आणि शेण काढायला येणाऱ्या बाईला देऊन टाकली. वर त्या बाईला म्हणाली, घे, तुझ्या अंगाला वास येतो, आमच्या सुनेला मातीच बरी. एका वडीत दोघींचं काम झालं. शांतानं हे मला हसत हसत सांगितलं होतं. तेव्हा तिला हसू यायचं.

वर्षभरात तिला दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही सगळीकडची रीत. सातव्या महिन्यात सोनाळ्याहून तिचे वडील एस.टी.च्या दोन गाड्या बदलून न्यायला आले. अनसामायनं त्यांना जेवू घातलं, पानात नाळीची भाजी वाढली आणि सांगितलं, की जिच्या दारातून गावाची लेकरं जगतात तिच्या सुनेनं दुधासाठी माहेरी जायचं, तर लोक काय म्हणतील. ते बिचारे साधे शेतकरी. दोन दिवस राहिले, दोनदा विषय काढला आणि परत गेले. शांता वेशीपर्यंत त्यांना पोचवायला गेली होती. आल्यावर दवाखान्यात येऊन बसली. गावात मात्र चर्चा झाली. आता अनसामायच्या घरचंच बाळंतपण बघायला मिळणार, म्हणून बायका दिवस मोजत होत्या. त्यात माया कमी होती.

बाळंतपण मीच केलं. मुलगा झाला, चांगला साडेसहा पौंडांचा. तिसऱ्या दिवशी दूध उतरायला हवं होतं, ते पाचव्या दिवशी थोडं उतरलं आणि तेवढंच राहिलं. बारा दिवसांनंतर मी लेकराला ताजव्यात घातलं तर ते जन्मापेक्षा हलकं भरलं. लेकरू आधी रडायचं. मग रडणं कमी झालं, आणि मला त्याची जास्त भीती वाटायला लागली.

एकदा मी जेवायच्या वेळेला मुद्दाम गेले. शांताच्या ताटात नाळीचा हा एवढा ढीग, आणि शेजारी भाकरीची चतकोर. तूप नाही, गूळ नाही, डाळ नावाला. मी विचारलं तर अनसामाय म्हणाली, नाळी असल्यावर बाकीचं कशाला, जास्त खाल्लं की बाळंतिणीचं पोट सुटतं. वर तेराव्या दिवसापासून विहिरीचं पाणी शेंदायला शांताच. त्या ताटाकडे बघता बघता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पाच वर्षं मी जे पुण्य बघत होते ते निम्म्याहून जास्त नाळीचं नव्हतंच. ते पायरीचं होतं. चारचौघांत इज्जत जाईल या भीतीनं त्या सासवा घरी जाऊन सुनांना दोन-दोन भाकरी, पळीभर तूप, डाळ, गूळ घालत होत्या. बाळंतीण पोटभर जेवली की दूध येतंच. अनसामायला स्वतःलाही हे कधी उमगलं नव्हतं. ती बिचाऱ्या सासवांना छळण्यात रमली होती आणि श्रेय नाळीला देत होती. तिच्या घरात मात्र तिला कुणी विचारणारं नव्हतं, की काल सुनेला काय खाऊ घातलंस. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मी हे तिला सांगितलं. जेवढं सांगवलं तेवढं सांगितलं. आणि म्हणाले, ते होईल तेव्हा होईल, पण लेकराला आजपासून वरचं दूध हवं. दवाखान्यात लहान बाळांसाठी दुधाच्या भुकटीचे डबे आलेत, मी आणून देते, कसं करायचं ते दाखवते. ती ओसरीवर बसली होती.

"या घरात डबा आला तं माह्यं गावात काय राह्यलं?" ती म्हणाली.

मी म्हटलं, "लेकरू राहील."

"नाळी लागाले वेळ लागते कोणा-कोणाले. तू जाय."

नामदेवला शेतात जाऊन गाठलं. तो म्हणाला, मायला विचारतो. शांतानं एकदा चोरून म्हशीचं दूध कापसाच्या बोळ्यानं पाजलं, तसंच निरसं, तर लेकराला जुलाब लागले आणि होतं ते बळही गेलं. अनसामायनं त्यावर बरोबर बोट ठेवलं, की बघा, वरच्या दुधानं काय होतं. गल्लीत विचारलं कुणी तर ती सांगायची, नातू मस्त आहे, झोपाळू आहे.

मंगळवारी सकाळी दवाखान्यात दूध वाटप असे. मोठ्या पातेल्यात भुकटी कालवून लहान मुलांना आणि गरोदर बायांना पेला-पेला द्यायचा. ओसरीवर बायकांची रांग लागायची. लेकरू पाच आठवड्यांचं असताना असाच मंगळवार होता. दहा-बारा बायका होत्या, कौसाबाई पुढेच होती. आणि फाटकातून अनसामाय आली. ती त्या आधी दवाखान्याची पायरी एकदाही चढलेली नव्हती. डोक्यावरचा पदर नेहमीपेक्षा पुढे ओढलेला, हातात एक रिकामी कापडी पिशवी. ती पिशवी बघूनच मला कळलं.

बायका बोलायच्या थांबल्या. रांग आपोआप बाजूला झाली, तिला वाट करून दिली. कुणी हसलं नाही. कौसाबाई अगदी अदबीनं म्हणाली, "बोला न माय. काय पायजे नर्सबाईकडून?"

डबा माझ्या टेबलावर होता. मी तो आदल्या दिवशीच काढून ठेवला होता, तिच्याच घरासाठी. मला उठून तिला आतल्या खोलीत नेता आलं असतं. या माय, तुमचं ब्लडप्रेशर बघते, एवढं म्हटलं असतं तरी पुरत होतं. दार लावून डबा पिशवीत घातला असता, वर पदर झाकला असता. मला हे सगळं त्या क्षणी सुचलं होतं. मी खुर्चीतून हलले नाही. मी तिच्याकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय काम काढलं, अनसामाय?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, ती म्हणेल. तिचे ओठ हललेही. मग तिचा आवाज आला, नेहमीसारखाच सावकाश.

"खोकला हाय दोन दिसांपासून. गोळी दे."

मी कागदात चार गोळ्या बांधून दिल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक, असं समजावून सांगितलं. तिनं त्या पिशवीत टाकल्या आणि ती गेली. ती फाटकाबाहेर पडल्यावर बायका हसल्या, आणि माझ्याही तोंडावर हसू होतं. मला त्या वेळी फार बरं वाटलं. ते लपवून आता काय करायचं आहे?

डबा उद्या स्वतः नेऊन द्यायचा, असं मी ठरवलं. एक दिवस तिचा पीळ उतरू दे, म्हटलं. पण बुधवारी मला शेजारच्या गावी टोचायला जावं लागलं आणि तिथं एक अडलेली बाई निघाली, तिच्यापाशी मुक्काम पडला. गुरुवारी दुपारी परत आले ती डबा घेऊन थेट मागच्या गल्लीत गेले. ओसरीवर माणसं बसली होती. लेकरू सकाळीच गेलं होतं. अनसामाय भिंतीला टेकून बसली होती, तिनं माझ्या हातातल्या डब्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. शांता आत होती. तिला तेव्हा, त्या दिवशी, पान्हा फुटला होता. चोळी भिजली होती आणि एक म्हातारी तिच्या छातीवर फडकं बांधत होती.

त्यानंतर अनसामायच्या पायरीवर कुणी आलं नाही. कुणी ठरवलं नव्हतं, पण आलं नाही. ज्या घरात नाळी असून नातू गेला त्या घरची नाळी कोण खाईल? बायका दुधाचे डबे न्यायला लागल्या, आणि दोन वर्षांत मला कळून चुकलं की सुना पूर्वीपेक्षा जास्त उपाशी राहतात, कारण आता सासवांना विचारणारं कुणी उरलं नाही. ती पायरी वाईट होती आणि ती गेल्यानं वाईट झालं. यातून काय शिकायचं ते मला अजून कळलेलं नाही. अनसामाय वाफ्याला पाणी घालत राहिली. तोडणारं कुणी नसल्यामुळे वेल माजला, दगडांवरून बाहेर आला. मग घराचा कारभार हळूहळू शांताच्या हातात गेला आणि शांता रोज सकाळी विळ्यानं भारा कापून म्हशीपुढे टाकायला लागली. सासू बघत असायची. शांता तिच्याशी वाकडं बोलायची नाही. खरं म्हणजे कामापुरतंच बोलायची.

दुसऱ्या खेपेला शांता कुणाला न विचारता पाचव्या महिन्यातच सोनाळ्याला निघून गेली. परत आली ती अडीच महिन्यांची मुलगी घेऊन. त्याच आठवड्यात माझी जानेफळला बदली झाल्याचा कागद आला. मी निरोप घ्यायला गेले. दुपारची वेळ होती. शांता अंगानं भरली होती, पूर्वीसारखं हसत नव्हती पण बरी होती. मुलगी गुटगुटीत. अनसामाय खांबाला टेकून बसली होती. ती फार वाळली होती, एका डोळ्यात फूल पडायला लागलं होतं.

शांता मुलीला घेऊन बाहेर आली तशी अनसामायनं दोन्ही हात पुढे केले. नातवंड घरात येऊन चार दिवस झाले होते. शांता तिच्या पुढून निघून आली आणि मुलगी तिनं माझ्या मांडीवर ठेवली.

"त्यांच्यापाशी देऊ नका, बाई," ती मला म्हणाली. आवाज चढवला नाही. "तुम्ही घ्या. तुम्ही तं डबा घेऊन आल्या होत्या. मले माहीत हाय."

पोरीनं माझं बोट धरलं होतं, तिच्या अंगाला दुधाचा वास येत होता. मी वर बघितलं तर अनसामाय माझ्याकडेच बघत होती. मंगळवारचं तिनं घरात कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं तर ती कशाला गेली होती तेही सांगावं लागलं असतं, आणि रिकामी का परतली तेही. आता एक वाक्य तिनं उच्चारलं असतं तर शांतानं लेकरू माझ्या मांडीवरून उचलून घेतलं असतं. मी वाट बघत होते.

अनसामायनं आपले हात मागे घेतले, मांडीवर ठेवले.

"मान सांभाळून धर," ती म्हणाली.

मी मुलीच्या मानेखाली हात घातला.